जुन्या ऐरणीचा कारखाना कसा ओळखावा

शेतकऱ्याच्या घरीं जुन्या लोखंडी वस्तु पुष्कळ असतात. ज्यांचें काम संपलें असें वाटतें त्या वळचणीस पडतात, व तेथून एके दिवशीं मोडीच्या व्यापाऱ्याच्या कांट्यावर जातात. ऐरण ही त्यांपैकींच एक. पूर्वीं गांवोगांवीं लोहाराचा भाता चालत असे. औताचा फाळ, कुळवाची पास, गाडीच्या चाकाची धांव, विळे, खुरपीं हीं सर्व कामें ऐरणीवर होत. कांहीं मोठ्या बागाईतदारांच्या वाड्यांतही एखादी ऐरण ठेवलेली असे व हंगामाच्या तोंडीं लोहारास तेथेंच बसवीत. ट्रॅक्टर व वेल्डिंगचीं दुकानें आल्यापासून या ऐरणींची कोणी चौकशी करीत नाहीं. परंतु चोंचीच्या जुन्या विलायती ऐरणीवर ती कोणी घडविली व तिचें वजन किती, हें बहुधा तिच्याच अंगावर लिहिलेलें असतें. तें लेखन कसें वाचावें, हें सांगण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

माझ्या हातची चूक

हा विषय मला माझ्याच एका चुकीनें शिकविला. ती प्रथम सांगतों. सन १९९४ ची गोष्ट. मी त्या वेळीं महसूल खात्यांत कारकून होतों. शेजारच्या गांवीं एका लोहाराच्या मागें त्याच्या दोन मुलांच्या घरांत वांटणी व्हावयाची होती. धाकटा मुलगा वारला असून त्याची विधवा व एक लहान मुलगा मागें राहिला होता. लिहितां येणारा माणूस म्हणून पंचांनीं मला यादी करण्यास बसविलें. भाता, घण, सांडशा, छिन्न्या यांची नोंद झाली आणि ऐरणीची पाळी आली. ऐरण चोंचीची, विलायती होती. तिच्या पोटावर कांहीं अक्षरें गंजानें बुजून गेलीं होतीं. त्याखालीं आंकडे मात्र स्पष्ट होते: एक, दोन आणि दहा. मीं यादींत लिहिलें, “लोखंडी ऐरण, नग १, नंबर १२१०.”

थोरल्या भावास ती नको होती व त्या बाईस ठेवून उपयोग नव्हता; म्हणून विकून पैसे निम्मेनिम करण्याचें ठरलें. गांवांत एवढ्या वजनाचा कांटा नव्हता. मोडीच्या व्यापाऱ्यानें ऐरण एका अंगानें उचलून पाहिली व “पन्नास किलो” असा अंदाज सांगितला. कोणी हरकत घेतली नाहीं. पन्नास किलोचे पैसे चुकते झाले आणि ऐरण गाडींत पडली. आठ दिवसांनीं मी दुसऱ्या कामानें त्याच्या वखारीशीं उभा असतां ती कांट्यावर चढलेली पाहिली. कांटा ऐंशी किलोंच्या पुढें गेला होता.

त्या आंकड्यांचा अर्थ मला पुढें कित्येक वर्षांनीं कळला. तो नंबर नव्हता. तें वजन होतें. तीस किलोंचा पैसा बुडाला व त्यांतील अर्धा एका विधवेचा होता. खरें वजन माझ्या डोळ्यांपुढें लिहिलेलें होतें; इतकेंच नव्हे, तर मीं तें स्वतःच्या हातानें उतरूनही घेतलें होतें!

ऐरणीचे तीन वाण

कारखाना शोधण्यापूर्वीं ऐरण कोणत्या वाणाची आहे हें पाहावें. आपल्याकडील लोहाराची मूळची ऐरण म्हणजे लांकडाच्या ओंडक्यांत पुरलेला लोखंडी चौरस ठोकळा. तिला चोंच नसते व सहसा नांवही नसतें. तिचा घडविणारा कोण, हें घरच्या जुन्या माणसांस विचारूनच कळलें तर कळेल.

दुसरा वाण रुळाच्या तुकड्याचा. आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा आडवा किंवा उभा बसवून त्यावर काम करणारे लोहार पुष्कळ आहेत. रुळाच्या मधल्या पट्टीवर उठावाचीं अक्षरें असतात. त्यांत तो लाटणाऱ्या कारखान्याचें नांव व बहुधा साल असतें. बॅरो, कॅमेल, डाउलेस हीं नांवें इंग्लंड व वेल्स येथील जुन्या कारखान्यांचीं होत. टाटांचें नांव असल्यास तो रूळ १९१२ च्या पूर्वींचा नसणार, कारण जमशेदपुरास पोलाद त्या सालीं निघूं लागलें. तथापि हें साल रुळाचें आहे, ऐरणीचें नव्हे, हें विसरूं नये. रूळ आधीं आगगाडीखालीं झिजतो आणि मग लोहाराकडे येतो.

तिसरा वाण चोंचीच्या ऐरणीचा. वर सपाट माथा. एका टोंकास निमुळती गोल चोंच. चोंच व माथा यांच्यामध्यें एक लहान पायरी. दुसऱ्या टोंकाकडे माथ्यांत एक चौकोनी व एक लहान गोल भोंक. खालीं बारीक कमर व चार पाय, असें तिचें रूप असतें. चौकोनी भोंकांत छिन्नी किंवा सांचा उभा बसवितात. गोल भोंकावर तापलेल्या पट्टीस वेज पाडतात. हें गोल भोंक एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या भागानंतर सर्रास येऊं लागलें. तें मुळींच नसेल तर ऐरण फार जुनी असण्याचा संभव आहे. पुढील सर्व विवेचन या तिसऱ्या वाणाचें आहे.

आंकडे आधीं वाचावे

नांव पुसलेलें असलें तरी आंकडे पुष्कळदां शिल्लक असतात, म्हणून प्रथम तेच वाचावे. ब्रिटिश ऐरणीच्या पोटावर तीन आंकडे अंतराअंतरानें मारलेले असतात. कित्येकदां त्यांच्यामध्यें टिंबें असतात. पहिला आंकडा हंड्रेडवेटचा, दुसरा क्वार्टरचा व तिसरा पौंडाचा, म्हणजे रत्तलाचा. हंड्रेडवेट हें नांव शंभराचें असलें तरी तें ११२ रत्तलांचें असतें; क्वार्टर म्हणजे त्याचा चौथा हिस्सा, २८ रत्तल.

आपल्या जुन्या मापांशीं याचा मेळ चांगला बसतो. मुंबईचा मण २८ रत्तलांचाच होता. म्हणजे एक क्वार्टर बरोबर एक मुंबई मण. चार मणांचा हंड्रेडवेट झाला, व वीस मणांच्या खंडीचे पांच हंड्रेडवेट झाले. बंगाली मण ८२ रत्तलांहून थोडा अधिक होता. तो या हिशेबांत धरूं नये.

आतां उदाहरण घेऊं. १·२·१० असे आंकडे असतील, तर ११२ अधिक ५६ अधिक १० मिळून १७८ रत्तल होतात, किलोंत पावणेएक्याऐंशी. ०·३·१४ असे असतील, तर ८४ अधिक १४ मिळून ९८ रत्तल, म्हणजे सुमारें साडेचव्वेचाळीस किलो. २·०·७ म्हणजे २३१ रत्तल, सुमारें १०५ किलो. घाईच्या हिशेबास ११ रत्तलांचे ५ किलो धरावे.

या पद्धतींत एक अंगची तपासणी आहे. मधला आंकडा ३ च्या वर कधींच असूं शकत नाहीं, कारण चार क्वार्टर झाले कीं एक हंड्रेडवेट होतो. शेवटचा आंकडा २७ च्या वर जात नाहीं, कारण २८ झाले कीं एक क्वार्टर होतो. मध्यें ४ वा ७ वाचला गेल्यास आपण गंजामुळें १ किंवा ० चुकीचा वाचला, किंवा ऐरण ब्रिटिश पद्धतीची नाहीं, असें समजावें. नंतर ऐरण कांट्यावर घालावी. हिशेबाचें वजन व कांट्याचें वजन यांत एक-दोन किलोंचा फरक पडल्यास तो झिजेचा समजावा. फरक मोठा असेल तर वाचन पुन्हां करावें.

एकच आंकडा, जसें १५० किंवा १२५, असा असेल तर तो पौंडांचा किंवा किलोंचा असतो. अमेरिकन कारखाने पौंड मारीत. युरोपखंडांतील ऐरणींवर किलो आढळतात. कोणतें माप आहे याचा निकाल कांटा देतो.

बुजलेलीं अक्षरें कशीं उठवावीं

नांव वाचण्याच्या घाईनें कानस, ग्राइंडर अथवा वाळूचा मारा वापरूं नये. अक्षरें ठशानें मारलेलीं असून गंजल्यावर त्यांची खोली फार थोडी उरते. एकदां घांसलीं कीं तीं कायमचीं गेलीं. घासलेट लावून ऐरण रात्रभर ठेवावी, दुसऱ्या दिवशीं जाड फडक्यानें पुसावी व पितळी तारेच्या मऊ ब्रशानें हलक्या हातानें साफ करावी. नंतर अंधार पडल्यावर बॅटरीचा झोत समोरून न टाकतां एका बाजूनें, पोटाशीं समांतर टाकावा. दिवसा न दिसणारीं अक्षरें सांवल्यांमुळें उठून दिसतात. खडूची पूड किंवा पीठ चोळून वरचेवर पुसल्यासही खळग्यांत पांढरें राहतें व आकार कळतो.

सर्वांत भरंवशाचा उपाय ठशाचा. शिलालेखाचे जसे कागदावर ठसे घेतात, तसा पातळ कागद पोटावर ताणून धरून त्यावर कोळसा किंवा शिसपेन्सिल आडवी फिरवावी. पोटाच्या दोन्ही बाजूंचे, चोंचीखालच्या पायाचे व शक्य तर तळाचेही ठसे घ्यावे. अक्षरें तुटकीं असतील तर जेवढीं दिसतात तेवढींच लिहावीं. मधलीं आपल्या मनानें भरूं नयेत. जुन्या दस्तऐवजाची नक्कल करतांना जो नियम, तोच येथें.

मुख्य कारखाने व त्यांच्या खुणा

इंग्लंडांत ऐरणीच्या धंद्याचे दोन मोठे मुलूख होते. एक शेफील्डचा, व दुसरा डडली, स्टूरब्रिज व क्रॅडली हीथ या कोळशा-लोखंडाच्या पट्ट्यांतला.

शेफील्डजवळ रिव्हेलिन नदीच्या कांठीं माऊसहोल, म्हणजे ‘उंदराचें बीळ’, या नांवाचा कारखाना होता. नदीच्या पाण्यावर तेथील मोठे घण चालत. तो १९३३ सालीं बंद झाला. त्याच्या ऐरणींवर ‘माऊस होल’ हे शब्द, बहुधा आर्मिटेज हें मालकांचें नांव, व कांहींवर चक्क उंदराचें चित्र आढळतें. वजनाच्या आंकड्यांमध्यें टिंबें असतात. शेफील्डच्याच विल्यम फॉस्टर यांच्या ऐरणींवर पुष्कळदां साल मारलेलें असतें. अशी ऐरण मिळाल्यास कालनिर्णयाचा प्रश्न उरत नाहीं.

डडलीच्या पीटर राइट यांचें नांव लोहारांत जगभर झालें. ‘पीटर राइट पेटंट’ असे शब्द पोटावर असतात. पुढच्या काळांत त्याखालीं वर्तुळांत ‘सॉलिड रॉट’, म्हणजे सबंध घडीव लोखंडाची, असे शब्द आले. पायांच्या वरच्या अंगास एक लहानशी सपाट पायरी असणें हीही राइटच्या ऐरणीची खूण समजतात. ‘इंग्लंड’ हा शब्दही असेल तर ऐरण उत्तरकालीन समजावी. अमेरिकेनें १८९० च्या जकातीच्या कायद्यानें परदेशी मालावर देशाचें नांव घालणें सक्तीचें केलें, व त्यानंतर असे शब्द मालावर सर्रास दिसूं लागले. हिंदुस्थानांतही मालावरील खोट्या व्यापारी खुणांस आळा घालणारा कायदा १८८९ सालीं झाला होता.

मात्र ‘सॉलिड रॉट’ हे शब्द दिसतांच ऐरण राइटची ठरवूं नये. अमेरिकेच्या ‘ट्रेंटन’ ऐरणीवरही ते आढळतात. तिचें नांव शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटींत असतें. ब्रुकलिनच्या ‘हे-बडन’ कंपनीच्या ऐरणीवर, तशाच ट्रेंटनवरही, चोंचीखालच्या पायावर अनुक्रमांक असतो, व त्यावरून घडणीचें साल काढतां येतें. रिचर्ड पोस्टमन या अमेरिकन गृहस्थांनीं अशा खुणांचा अभ्यास करून १९९८ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामुळें हें काम सुलभ झालें आहे. फिशर ही आणखी एक अमेरिकन ऐरण. तिच्या पोटावर उठावाचा गरुड असतो.

स्वीडनच्या कोल्स्वा व सोडेरफोर्स या ऐरणी सबंध ओतीव पोलादाच्या असतात व घंटेसारख्या वाजतात. स्टूरब्रिज भागांतील ब्रुक्स यांच्या उत्तरकालीन ऐरणीही ओतीव पोलादाच्या आहेत. तेव्हां ‘ओतीव’ म्हणजे ‘वाईट’ असा सरसकट समज करूं नये. वाईट ती ओतीव बिडाची, जिच्या माथ्यावर पोलाद नाहीं ती.

अंगलट, आवाज व उसळी

नांव अजिबात नसेल तरी घडण बोलते. जुनी घडीव ऐरण लोखंडाचे मोठे तुकडे पांढरे होईतों तापवून घणाखालीं एकजीव करून घडवीत व माथ्यावर पोलादाची जाड पाटी तशाच रीतीनें जोडीत. एवढें धूड भट्टींतून घणाखालीं फिरविण्यास पहारी खुपसाव्या लागत. त्यांचीं चौकोनी भोंकें चोंचीखालीं, मागच्या अंगास व तळाशीं राहिलेलीं दिसतात. अशीं भोंकें व माथ्याखालीं पाटीच्या सांध्याची बारीक रेघ दिसल्यास ऐरण घडीव समजण्यास हरकत नाहीं. उलट, पोटाच्या बरोबर मधून सांच्याची उभी शिवण गेली असेल, तर ती ओतीव होय.

लहान हातोडीनें माथा वाजवून पाहावा. घडीव व पोलादी ऐरण खणखणते. बिडाची बद्द वाजते. यास अपवाद फिशरचा. तिचें अंग बिडाचें व माथा पोलादाचा असल्यामुळें ती वाजत नाहीं, तरीही ती उत्तम ऐरण आहे. म्हणून आवाजावर न थांबतां उसळी पाहावी. बेअरिंगमधील पोलादी गोळी दहा इंच उंचीवरून माथ्यावर सोडावी. ती सात-आठ इंच उसळली तर माथा चांगला. पांच इंचही येत नसेल तर ऐरण बिडाची आहे, अथवा एखाद्या आगींत सांपडून माथ्याचें पाणी उतरलें आहे. अशी परीक्षा माथ्यावर दोन-चार ठिकाणीं करावी.

येथेंच एक धोक्याची सूचना. माथ्यावरचे खड्डे काढण्यासाठीं ऐरण लेथच्या दुकानांत नेऊन माथा तासून घेण्याची कित्येकांस हौस असते. पोलादाची पाटी मुळांतच मर्यादित जाडीची. ती तासली कीं खालचें मऊ लोखंड उघडें पडतें व ऐरण कामांतून जाते.

एका खुणेवर निकाल देऊं नये

सात-बाराच्या एका उताऱ्यावर जमिनीची मालकी शाबीत होत नाहीं. फेरफार पाहावे लागतात, खरेदीखत पाहावें लागतें, चतुःसीमा जुळवाव्या लागतात. ऐरणीचेंही तसेंच आहे. परदेशांत कित्येक हार्डवेअरचे व्यापारी कारखान्याकडून माल घेऊन त्यावर स्वतःचें नांव मारवीत. तें नांव घडविणाराचें नसतें. म्हणून नांव, आंकडे, कांट्याचें वजन, भोंकें, पाय, आवाज व उसळी यांपैकीं निदान तीन साक्षी जुळल्याखेरीज निर्णय करूं नये.

गेल्या वर्षीं एका बागाईतदार मित्रांच्या गोठ्यांत एक ऐरण दाव्याच्या खुंट्याप्रमाणें वापरली जात होती. पोटावर कांहींच दिसेना. घासलेट लावून रात्रीं बॅटरी धरली तेव्हां ०·३·१४ असे आंकडे व मध्यें टिंबें दिसलीं. कांट्यावर ऐरण चव्वेचाळीस किलो भरली. आंकड्यांचें वाचन खरें ठरलें. चोंचीखालीं व तळाशीं चौकोनी भोंकें होतीं. म्हणजे ती घडीव. शेवटीं ठशावर ‘होल’ हीं अक्षरें व त्याआधीं ‘माऊस’ मधील शेवटचीं दोन अक्षरें आलीं. शेफील्डच्या रिव्हेलिन नदीकांठची ती ऐरण १९३३ पूर्वींची, हें ठरलें. गोळी आठ इंच उसळली. मित्रांनीं ती बाभळीच्या ओंडक्यावर बसवून घेतली, व आतां शेजारच्या चार शेतांचे फाळ तिच्यावर धार लावून जातात.

या यशानंतर मला जुन्या गोष्टीची आठवण स्वस्थ बसूं देईना. त्या लोहाराचा नातू हल्लीं तालुक्याच्या गांवीं वेल्डिंगचें दुकान चालवितो. मीं तेथें जाऊन त्यास १·२·१० चा सर्व हिशेब मांडून दाखविला व त्याच्या आईचे पंधरा किलोंचे पैसे माझ्या अज्ञानानें गेले, हें सांगितलें. तो थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “भाऊसाहेब, पैशाचें जाऊं द्या. आजोबांच्या ऐरणीवर नांव कोणाचें होतें, तेवढें सांगा.”

तें मला सांगतां आलें नाहीं. अक्षरें होतीं, एवढेंच आठवतें. तीं वाचण्यास घासलेटाची एक वाटी व एक कागद पुरला असता.

वाचक बंधूंस विनंति इतकीच कीं, ज्यांच्या घरीं अशी ऐरण पडली असेल त्यांनीं मोडीचा व्यापारी दारांत येण्यापूर्वीं तिचा ठसा घ्यावा, आंकड्यांवरून वजनाचा हिशेब करावा, व तो कागद घराच्या दप्तरांत ठेवावा. मग ठेवावयाची कीं विकावयाची, हें खुशाल ठरवावें.